निरोगी मुलांवर वर्षानुवर्षे संशोधन कशासाठी? संमतीपत्रावर सही करण्यापूर्वी पडलेले प्रश्न

शांतसंध्या (मूळ प्रश्न)

नमस्कार. माझी मुलगी तेरा वर्षांची आहे. गेल्या आठवड्यात तिच्या शाळेमार्फत एक बारा पानी माहितीपत्रक आणि त्याला जोडलेली दोन संमतीपत्रे घरी आली. एक पालकांसाठी आणि एक खुद्द तिच्यासाठी. एका संशोधन गटाला अकरा ते चौदा वयोगटातील मुलामुलींच्या आरोग्याचा दीर्घकालीन अभ्यास करायचा आहे. दर दोन वर्षांनी मुलांची उंची, वजन, कमरेचा घेर आणि रक्तदाब मोजला जाईल, उपाशीपोटी रक्ताचा नमुना घेतला जाईल, आठवडाभर मनगटावर हालचाल मोजणारे यंत्र बांधले जाईल, आणि झोप, आहार, व्यायाम, मनःस्थिती व व्यसने यांविषयीची प्रश्नावली मुलांनी एकट्याने भरायची आहे. हे सारे मुले पंचविशीत पोहोचेपर्यंत चालेल.

पत्रकातील एका वाक्यापाशी मी थांबले. ‘या अभ्यासात सहभागी झाल्याने आपल्या पाल्याला थेट वैद्यकीय लाभ होईलच असे नाही,’ असे त्यात स्वच्छ लिहिले आहे. इतका प्रामाणिकपणा दाखवल्याबद्दल मला आदरच वाटला. पण मग धडधाकट मुलीला सुई टोचू देण्यास आणि तिच्या मनातल्या गोष्टी कागदावर उतरवून घेण्यास मी कशाच्या आधारावर होकार द्यावा, हे कळेना.

दुसरी बाजूही मनात आहे. माझ्या वडिलांना वयाच्या बावन्नाव्या वर्षी हृदयविकाराचा झटका आला आणि त्यातच ते गेले. भेटायला येणारा प्रत्येक जण ‘कालपरवापर्यंत तर ठणठणीत होते’ असेच म्हणत होता. आजार त्या दिवशी सुरू झाला नसणार, एवढे आता समजते. पण मग तो सुरू केव्हा झाला, आणि तेव्हा कोणी पाहिले असते तर काही करता आले असते का?

ज्यांनी अशा संशोधनात काम केले आहे, किंवा जे स्वतः लहानपणी त्यात सहभागी होते, त्यांच्याकडून समजून घ्यायचे आहे. या अभ्यासांतून आजवर खरोखर काय हाती लागले, मुलांना त्याचा त्रास काय होतो, आणि सही करण्यापूर्वी मी नेमके काय विचारून घ्यावे?

मोजपट्टी

शांतसंध्याताई, तुमच्या वडिलांविषयी वाचून वाईट वाटले. मी डॉक्टर नाही. अशा दीर्घकालीन अभ्यासांची आकडेवारी हाताळण्यात माझी पंधरा-सोळा वर्षे गेली आहेत, त्यामुळे ‘तो सुरू केव्हा झाला’ या तुमच्या प्रश्नाविषयी जेवढे जाणतो तेवढे सविस्तर लिहितो.

१९५३ साली कोरियातील युद्धात मृत्यू पावलेल्या ३०० अमेरिकी सैनिकांच्या शवविच्छेदनाचा अहवाल प्रसिद्ध झाला. त्यांचे सरासरी वय होते २२. हृदयाला रक्त पुरवणाऱ्या धमन्या उघडून पाहिल्या तेव्हा सुमारे ७७ टक्के जणांत विकाराच्या खुणा आढळल्या. कोणाच्या धमनीचे अस्तर थोडे जाड झालेले होते, तर कोणाची वाहिनी जवळजवळ बुजत आली होती. सैन्यात भरती होताना ज्यांची तपासणी झाली होती आणि जे रणांगणावर धावत होते अशी ही माणसे होती. ज्या रोगाला उतारवयाचा रोग समजले जात होते, तो विशीत मूळ धरून बसलेला प्रथमच इतक्या ठळकपणे दिसला.

मात्र शवविच्छेदनाने रोग दिसतो, त्याचे कारण दिसत नाही. कारण त्या तरुणाचा रक्तदाब दहा वर्षांपूर्वी किती होता हे सांगायला कोणी नसते. ती उणीव अमेरिकेतील लुइझियाना राज्यातल्या बोगालुसा या लहानशा गावी सुरू झालेल्या अभ्यासाने भरून काढली. डॉ. जेराल्ड बेरेन्सन यांनी १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला तेथील मुलांची मोजमापे नोंदवण्यास प्रारंभ केला आणि तीच मुले पुन्हा पुन्हा तपासली. पुढे त्या परिसरातील जे तरुण अपघातासारख्या कारणांनी दगावले, त्यांच्यापैकी ९३ जणांची जिवंतपणीची मोजमापे हाताशी होती. १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, ज्यांच्यात वाढलेले वजन, रक्तदाब, कोलेस्टेरॉल यांसारखा एकही जोखमीचा घटक नव्हता त्यांच्या हृदयधमन्यांच्या आतील पृष्ठभागापैकी सरासरी १.३ टक्के भागावर मेदाच्या रेषा, म्हणजे या विकाराच्या सुरुवातीच्या खुणा, होत्या, तर ज्यांच्यात तीन किंवा चार घटक होते त्यांच्यात ११ टक्के भागावर. हे आकडे मी पहिल्यांदा वाचले तेव्हा बराच वेळ पुढचे पान उलटू शकलो नव्हतो, कारण तक्त्यातील प्रत्येक आकड्यामागे कोणाचे तरी अकाली गेलेले मूल होते.

फिनलंडमध्ये १९८० साली ३ ते १८ वर्षांच्या ३,५९६ मुलांना घेऊन असाच एक अभ्यास सुरू झाला. नंतर फिनलंड, अमेरिका आणि ऑस्ट्रेलिया येथील सात अभ्यासांनी आपापली माहिती एकत्र केली. अशा रीतीने ३८,५८९ व्यक्तींचा बालपणापासून सरासरी ३५ वर्षे मागोवा घेतल्यानंतर २०२२ साली जे दिसले ते असे: लहानपणीचे वजनाचे प्रमाण, रक्तदाब, कोलेस्टेरॉल, ट्रायग्लिसराइड (रक्तातील एक प्रकारचा मेद) आणि कोवळ्या वयातील धूम्रपान या पाचांचा एकत्रित निर्देशांक एका एककाने वाढला की मोठेपणी हृदय व रक्तवाहिन्यांच्या विकाराने मृत्यू येण्याचे प्रमाण सुमारे २.७ पट होते.

येथे एक गोष्ट मुद्दाम सांगतो, कारण बातम्यांत ती हमखास गळते. त्या ३८,५८९ जणांपैकी तोवर अशा विकाराने दगावलेले ३१९ होते. म्हणजे ‘पटीत’ वाढ मोठी असली, तरी ज्या मुलांचे आकडे चांगले नव्हते त्यांच्यापैकी बहुसंख्य जण त्या काळात सुखरूपच होते. अशा अभ्यासातून एखाद्या मुलाचे भविष्य वाचता येत नाही. हजारो मुलांच्या गटाचा कल मात्र विश्वासाने सांगता येतो. पत्रकातले ते ‘थेट लाभ नाही’ हे वाक्य याच कारणाने खरे आहे.

धीर देणारा निष्कर्षही याच माहितीतून निघाला. ६,३२८ जणांचा सरासरी २३ वर्षे मागोवा घेणाऱ्या २०११ सालच्या विश्लेषणात असे आढळले की, जी मुले लहानपणी स्थूल होती पण मोठेपणी स्थूल राहिली नाहीत, त्यांच्यातील मधुमेह, उच्च रक्तदाब इत्यादींचे प्रमाण कधीच स्थूल नसलेल्यांच्या जवळपास आले. बालपणी पडलेला ठसा पुसता येतो, हे कळण्यासाठी तीच माणसे दोन्ही वयांत मोजलेली असावी लागतात. पन्नाशीच्या माणसाला ‘तेराव्या वर्षी तुम्ही किती झोपत होता?’ असे विचारून हे ज्ञान मिळत नाही; आठवण आजच्या प्रकृतीचा रंग घेऊन येते.

लहानांची डॉक्टर

वरील प्रतिसाद उत्तम आहे. मी त्यात दवाखान्यातील बाजू जोडते.

निरीक्षणातून संबंध कळतो. परंतु काही बदलले तर परिणाम बदलतो का, हे पाहण्यासाठी प्रत्यक्ष चाचणी लागते आणि मुलांच्या बाबतीत तिला फार सबुरी लागते. फिनलंडमधील तुर्कू येथे १९९० साली सुरू झालेल्या चाचणीत हजाराहून अधिक बालकांना सातव्या महिन्यापासून घेतले गेले. चिठ्ठ्या टाकाव्यात तशा पद्धतीने त्यांचे दोन गट पाडले, आणि एका गटाच्या कुटुंबांना संपृक्त मेद कमी असलेल्या आहाराविषयी वर्षातून दोनदा समुपदेशन दिले गेले, तेही मूल वीस वर्षांचे होईपर्यंत. त्या गटातील मुलांचे अपायकारक कोलेस्टेरॉल कमी राहिले. पालकांना वाटणारी भीती अशी होती की वाढत्या वयात मेद कमी केल्याने उंची किंवा बुद्धीवर परिणाम होईल. तसा कोणताही दुष्परिणाम आढळला नाही. आज मी एखाद्या आईला याबाबत निःशंकपणे सांगू शकते, ते त्या कुटुंबांनी दिलेल्या वीस वर्षांमुळे.

वयाची वेळ किती मोलाची असते, याचे सर्वांत स्पष्ट उदाहरण गर्भाशयमुखाचा कर्करोग घडवणाऱ्या एचपीव्ही या विषाणूवरील लसीचे आहे. इंग्लंडमधील २०२१ सालच्या विश्लेषणानुसार, ज्या मुलींना ही लस १२-१३व्या वर्षी देऊ केली गेली त्यांच्यात गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे प्रमाण ८७ टक्क्यांनी घटले; १४ ते १६व्या वर्षी देऊ केली गेली त्यांच्यात ६२ टक्क्यांनी, आणि १६ ते १८ या वयात ३४ टक्क्यांनी. लस तीच, आजार तोच. फरक फक्त काही वर्षांचा. विषाणूशी गाठ पडण्यापूर्वी संरक्षण मिळाले तर ते पुरे पडते.

हाडांचेही तसेच आहे. उंची सर्वाधिक वेगाने वाढते त्या काळाच्या आगेमागे जेमतेम दोन वर्षांत मोठ्या माणसाच्या हाडांतील खनिजांपैकी सुमारे एक चतुर्थांश साठा जमा होतो. ताई, तुमची मुलगी आज जवळपास याच टप्प्यावर असेल. सत्तरीत पडून खुब्याचे हाड मोडेल की नाही, याची तयारी या वयातल्या उड्या मारण्याने आणि धावण्यानेही होत असते.

मनाच्या आजारांविषयीही लिहायला हवे, कारण प्रश्नावलीतील तोच भाग पालकांना सर्वाधिक खटकतो. जगभरातील १९२ अभ्यास एकत्र करून केलेल्या, २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या विश्लेषणात असे दिसले की, ज्यांना पुढे मानसिक विकार झाला त्यांच्यापैकी सुमारे एक तृतीयांश व्यक्तींत त्याची सुरुवात चौदाव्या वर्षापूर्वी आणि ६२ टक्क्यांहून अधिक व्यक्तींत पंचविसाव्या वर्षापूर्वी झाली होती. म्हणून त्या पानांवरचे झोपेचे, एकटेपणाचे आणि चिंतेचे प्रश्न चोंबडेपणाने विचारलेले नसतात. रक्ताच्या नमुन्यातून जे कधीच कळणार नाही, ते कळण्याची तेवढी एकच वाट आहे.

वडिलांना बावन्नाव्या वर्षी झटका आला होता, हे मात्र अभ्यासापासून वेगळे काढून तुम्ही आपल्या डॉक्टरांना सांगायलाच हवे. काही कुटुंबांत कोलेस्टेरॉल जन्मतःच फार जास्त असते. सुमारे अडीचशे ते तीनशे माणसांमागे एकाला हा आनुवंशिक दोष असतो. नेदरलँड्समध्ये अशा २१४ मुलांना लहान वयातच कोलेस्टेरॉल कमी करणारी स्टॅटिन औषधे सुरू केली गेली आणि वीस वर्षांनी त्यांची तुलना त्यांच्याच बाधित पालकांशी केली गेली. पालकांपैकी सुमारे २६ टक्के जणांना एकोणचाळीस वर्षांच्या आत हृदयविकाराने गाठले होते. त्या मुलांत हे प्रमाण सुमारे १ टक्का होते. तुमच्या घरी असा दोष असेलच असे मी म्हणत नाही. बावन्नाव्या वर्षीचा झटका अन्य कारणांनीही येऊ शकतो. पण तुमची स्वतःची एक साधी रक्ततपासणी त्यावर बराच प्रकाश टाकेल, आणि तिच्यासाठी कोणत्याही अभ्यासाची वाट पाहू नये.

सावध वाचक

दोन्ही प्रतिसादांतील माहितीबद्दल आदर ठेवूनही मला एक इशारा द्यावासा वाटतो. लवकर शोधले म्हणजे भलेच होते, असे गृहीत धरल्याने मुलांना इजा झाल्याचा इतिहास आहे.

जपानमध्ये १९८५ सालापासून देशभरातील सहा महिन्यांच्या बालकांची लघवी तपासून न्यूरोब्लास्टोमा नावाच्या कर्करोगाचा शोध घेतला जात असे. चाचणी सोपी होती, हेतू निर्मळ होता, आणि गाठी सापडतही होत्या. नंतर कॅनडा आणि जर्मनीत काळजीपूर्वक तुलना केली गेली तेव्हा कळले की अशा शोधाने मृत्यू कमी होत नाहीत. सापडलेल्या गाठींपैकी पुष्कळशा आपोआप विरून जाणाऱ्या होत्या, आणि त्यांच्यासाठी तान्ह्या मुलांवर शस्त्रक्रिया व रसायनोपचार झाले होते. जपानने २००४ मध्ये तो कार्यक्रम थांबवला.

शाळांतील प्रतिबंधक कार्यक्रमांविषयीही तेच. अमेरिकेत गणवेशातील पोलीस वर्गात येऊन अमली पदार्थांविरुद्ध धडे देत, तो ‘डेअर’ कार्यक्रम अत्यंत लोकप्रिय होता. १९९०च्या दशकात त्याच्यावरील अभ्यास एकत्र केले गेले तेव्हा व्यसनांवरचा त्याचा परिणाम नगण्य निघाला. ब्रिटनमध्ये आठ हजारांहून अधिक विद्यार्थ्यांवर झालेल्या, २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत सर्व मुलांना सजगतेचे म्हणजे माइंडफुलनेसचे धडे दिले, पण नेहमीच्या शिकवणीपेक्षा त्याने मुलांचे मानसिक आरोग्य काही अधिक सुधारले नाही. मुलांचे कोलेस्टेरॉल सरसकट तपासावे काय, या प्रश्नावर अमेरिकेतील प्रतिबंधक सेवांच्या तज्ज्ञ गटाने २०२३ मध्येही ‘पुरावा अपुरा’ असाच निर्वाळा दिला आहे.

मी संशोधनाच्या विरोधात नाही. उलट वरील प्रत्येक चूक संशोधनानेच उघडकीस आणली. माझे म्हणणे एवढेच की, ताईंनी सही करण्यापूर्वी काही गोष्टी लेखी मागाव्यात. रक्तात किंवा रक्तदाबात काही वावगे आढळले तर ते कळवणार का, कोणाला, आणि किती दिवसांत? प्रश्नावलीत एखाद्या मुलाने जीव नकोसा झाल्याचे लिहिले तर ते कागद सहा महिने गठ्ठ्यात पडून राहणार, की त्याच दिवशी कोणीतरी वाचणार? नमुना किती वर्षे साठवणार, त्यावर जनुकीय तपासणी होणार का, आणि मूल सज्ञान झाल्यावर त्याची स्वतःची संमती नव्याने घेतली जाणार का? मुलांनी एकट्याने भरलेली उत्तरे पालकांना दाखवली जाणार नाहीत, याची हमीही पालकांनीच मागितली पाहिजे. नाहीतर मुले खरे लिहिणार नाहीत आणि सारा खटाटोप वाया जाईल.

जुना सहभागी

मी दहाव्या वर्षी अशा एका अभ्यासात दाखल झालो होतो आणि आज एकेचाळिसाव्या वर्षीही आहे. त्यामुळे आतून कसे दिसते ते सांगतो.

उंची मोजण्याचा प्रसंग मला अजून लख्ख आठवतो. बूट-मोजे काढून टाचा फळीला टेकवायच्या, नजर समोर, आणि मग परिचारिका हनुवटीखाली दोन बोटे लावून डोके हलकेच योग्य पातळीत आणायच्या. आकडा घेऊन झाला की बाजूला व्हायचे आणि पुन्हा उभे राहायचे. दोन मापांत ठरावीक मिलिमीटरहून अधिक फरक पडला तर तिसऱ्यांदा. रक्तदाबासाठी आधी दंडाचा घेर मोजून त्याप्रमाणे पट्टा निवडत, कारण पट्टा अरुंद पडला तर आकडा खोटाच चढा येतो, असे त्यांनी मला समजावून सांगितले होते. पाच मिनिटे गप्प बसायला लावत. घरी कोणी माझ्याकडे इतक्या बारकाईने कधी पाहिले नव्हते, आणि लहान मुलाला ते आवडते.

पण एक प्रसंग बोचला. मी चौदा वर्षांचा असताना एका फेरीत वजन घेणाऱ्या नव्या कर्मचाऱ्याने माझा आकडा नोंद करणाऱ्या सहकाऱ्याला मोठ्याने सांगितला. मागे रांगेत माझ्या वर्गातील सहा-सात मुले उभी होती. पुढची दोन वर्षे वर्गात मला त्या आकड्याने हाक मारली जाई. पुढच्या फेरीला मी पोट दुखत असल्याचे सांगून घरी राहिलो, आणि त्यानंतरच्या फेरीलाही गेलो नाही. आई-वडिलांना कारण सांगितले नाही.

मी परत आलो ते एका पत्रामुळे. एकोणिसाव्या वर्षी अभ्यासाच्या प्रमुखांनी ‘आपण दोन फेऱ्यांना येऊ शकला नाहीत, आमच्याकडून काही चुकले असल्यास जाणून घ्यायला आवडेल’ असे माझ्याच नावे लिहिले होते. मी झाला प्रकार कळवला. त्यांनी क्षमा मागितली, आणि त्यानंतर वजनाचा काटा पडद्याआड गेला व त्याचा आकडा दाखवणारी पट्टी केवळ नोंद करणाऱ्याकडे वळवली गेली. हे मी स्वतः पाहिले आहे. बत्तिसाव्या वर्षी त्यांच्याच तपासणीत माझा रक्तदाब वाढलेला आढळला, आठवडाभरात मला पत्र आले, आणि आज मी त्यावर उपचार घेत आहे. वैयक्तिक लाभ होणार नाही असे मलाही लिहून दिले होते. तो झाला, पण बावीस वर्षांनी.

मोजपट्टी

‘जुना सहभागी’ यांनी लिहिलेला प्रसंग आमच्या क्षेत्रातील प्रत्येकाने वाचावा असा आहे, कारण त्याचा शास्त्राशीही थेट संबंध आहे. मुले अभ्यासातून गळतात ती सरसकट गळत नाहीत. ज्यांचे वजन अधिक आहे, ज्यांच्या घरी विवंचना आहे, ज्यांचे मन खचले आहे, तीच आधी येईनाशी होतात. उरलेल्यांवरून काढलेले निष्कर्ष जगाला आहे त्याहून निरोगी दाखवतात. रांगेत मोठ्याने उच्चारलेला एक आकडा अशा रीतीने हजारो नोंदींना वाकडे करू शकतो, आणि मागाहून कितीही गणित केले तरी ते पुरते सरळ होत नाही.

न्यूझीलंडमधील डनेडिन येथे १९७२-७३ मध्ये जन्मलेल्या १,०३७ मुलांचा अभ्यास आजही मानदंड मानला जातो तो याच कारणाने. ते पंचेचाळीस वर्षांचे झाले तेव्हा हयात असलेल्यांपैकी सुमारे ९४ टक्के जण तपासणीला आले. परदेशी गेलेल्यांना प्रवासखर्च देऊन बोलावले जाते. ताई, आणखी एक प्रश्न विचारा: गैरहजर राहिलेल्या मुलाशी तुम्ही काय बोलता?

खडूफळा

मी शिक्षक आहे. चर्चा एकेका मुलाच्या आकड्यांभोवती फिरते आहे, म्हणून शाळेच्या बाजूने थोडे लिहितो.

चीनमधील ग्वांगझू येथे बारा प्राथमिक शाळांत एक चाचणी झाली. निम्म्या शाळांत पहिलीच्या मुलांना रोज ४० मिनिटांचा एक जादा तास उघड्यावर घालवायला दिला. तीन वर्षांनी नव्याने लघुदृष्टी आलेल्यांचे प्रमाण त्या शाळांत ३०.४ टक्के, तर इतर शाळांत ३९.५ टक्के होते. कोणालाही औषध दिले नाही, कोणालाही ‘धोक्याचे मूल’ म्हणून वेगळे बसवले नाही. बदलले ते फक्त वेळापत्रक. आइसलँडमध्ये १९९८ साली १५-१६ वर्षांच्या मुलांपैकी ४२ टक्के जणांनी मागील महिन्यात दारूची नशा केल्याचे सांगितले होते. २०१६ पर्यंत ते प्रमाण ५ टक्क्यांवर आले आणि रोज धूम्रपान करणारे २३ टक्क्यांवरून ३ टक्क्यांवर. तेथे दरवर्षी मुलांकडून निनावी उत्तरे भरून घेत, काही आठवड्यांत ती त्या त्या वस्तीला परत दाखवत, आणि त्यावरून खेळाच्या सोयी, रात्री बाहेर राहण्याच्या वेळा, पालकांचे आपसातील ठराव असे निर्णय होत. त्याच काळात अन्य काही देशांतही घट झाली, त्यामुळे सारे श्रेय एकाच उपायाला देणे धाडसाचे ठरेल. पण माहिती लगेच परत देण्याची ती रीत मला अत्यंत महत्त्वाची वाटते. आमच्या शाळेत आजवर दोन पाहण्या झाल्या आणि एकीचाही निष्कर्ष आमच्यापर्यंत कधी आला नाही. मुलांनी मला विचारले, ‘आम्ही भरलेल्या कागदांचे पुढे काय झाले?’ माझ्याकडे उत्तर नव्हते.

शांतसंध्या

आपण सर्वांनी इतक्या आस्थेने लिहिलेत, त्याबद्दल मनापासून आभार. काय झाले ते कळवते.

मी माझी रक्ततपासणी करून घेतली. कोलेस्टेरॉल थोडे वाढलेले आहे, परंतु आनुवंशिक दोषाची शंका घ्यावी इतके नाही, असे डॉक्टरांनी सांगितले आणि सहा महिन्यांनी पुन्हा बोलावले आहे. संशोधन गटाला ‘सावध वाचक’ आणि ‘मोजपट्टी’ यांनी सुचवलेले प्रश्न लिहून पाठवले. बहुतेकांची उत्तरे चार दिवसांत आली. प्रश्नावली यंत्रावर भरली जाते, जिवाला धोका सूचित करणारे उत्तर आले तर त्याच दिवशी समुपदेशक मुलाशी बोलतात, आणि हे मुलांना आधीच सांगितले जाते. अठराव्या वर्षी नवी संमती घेणार आहेत. जनुकीय तपासणीविषयीचे उत्तर मला मोघम वाटले, म्हणून त्या चौकटीत मी ‘नाही’ अशी खूण केली; बाकीच्या भागांत तरीही सहभागी होता येते. शाळेला निष्कर्ष परत देण्याची तरतूद मुळात नव्हती. ‘खडूफळा’ यांचा अनुभव मी त्यांना, नाव न सांगता, कळवला आणि वर्षअखेरीस मुलांसमोर निष्कर्ष मांडण्याचे त्यांनी मान्य केले आहे.

मुलीला हा सारा धागा वाचायला दिला. ती सर्वांत जास्त वेळ ‘जुना सहभागी’ यांच्या प्रतिसादापाशी थांबली. मग तिने विचारले, ‘आजोबांना कोणी लहानपणी मोजले होते का?’ कोणीच मोजले नव्हते, असे मी सांगितले. ती काही बोलली नाही. संध्याकाळी तिने आपल्या संमतीपत्रावर सही केली आणि खाली, ‘आपल्याला काही सांगायचे आहे का?’ या प्रश्नापुढच्या रिकाम्या ओळीत लिहिले: ‘माझे वजन कृपया मोठ्याने वाचू नये. माझ्या मैत्रिणींचेही वाचू नये.’